रेघ दिसते का?

जरा जवळ सरकून बसा, बाबांनो. आज देवादिकांची नाही, एका साध्या संसाराची गोष्ट सांगतो. पण ऐकताना जीव मुठीत धरावा लागेल.

"रबर कुठं गेलं?" रंगमास्तरांनी फ्रिजमध्ये हात ठेवूनच विचारलं.

"त्या बाटलीवरचं?" कालच आलेली लेक म्हणाली. "फेकलं की. किती कळकट झालं होतं!"

मास्तरांच्या हातात दोन बाटल्या होत्या. सारख्याच उंचीच्या, सारख्याच गार. बायकोच्या साखरेचं इंजेक्शन दोन्हींतून भरायचं. दुधाळ औषध जास्त, नितळ थोडं. उलट झालं तर साखर एकदम उतरणार आणि जिवावर बेतणार. आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात छटा जुळवणाऱ्या या माणसाच्या डोळ्यांत एकदा चुना उडाला, आणि बुबुळं हळूहळू धुरकटत गेली. डॉक्टर म्हणाले होते, आहे तेवढं जपा. लेकीला कळतं, तर तिनं एकट्या आईला आपल्याकडे नेलं असतं. तिच्या खोलीत तिसरी खाट मावत नव्हती. म्हणून तर नितळ बाटलीला बोटांना कळणारं ते खुणेचं रबर.

"अहो, आटपा ना," टेबलाशी बाही सरकवून बसलेली बायको म्हणाली. "पोटात कावळे ओरडतायत."

"थांब गं. आधी पोरीची परीक्षा घेऊ दे. कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच विचारायचो."

त्यांनी तीन ग्लासांत पाणी घेतलं. एकात मीठ, एकात खडूची पूड, एकात दुधाचा थेंब. ढवळलं.

"मीठ विरलं. खडू तरंगतोय, पण घटकाभरात तळाला बसेल. आणि दूध?"

"कलिल," लेक हसली. "शाळेत होतं. ना विरत, ना बसत."

"तुझ्या बाबांसारखं," बायको म्हणाली. "लग्न झाल्यापासून बघतेय. चारचौघांत विरघळले नाहीत, की एका जागी बसले नाहीत."

मास्तरही हसले. मानेवरून घामाची धार उतरत होती.

"आता बॅटरी आडवी धर. उजेडाची रेघ कुठं दिसते?"

"मिठाच्या पाण्यात नाही. दुधाच्या पाण्यात दिसते, आरपार. खडूच्याही, पण भरड."

"शाब्बास! आता या दोन बघ." त्यांनी बाटल्या तळहातांत हलक्या हातानं घोळवल्या आणि तिच्यापुढे धरल्या.

"डावी आख्खी उजळली. उजवीत काहीच नाही."

उजवी नितळ! मास्तरांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. सिरिंजवर चिकटपट्टीच्या खुणा होत्या, नखाला कळणाऱ्या. त्यांनी सिरिंज उचलून खुणा नखानं चाचपल्या.

"बाबा," लेकीचा आवाज बदलला होता. "दुधाच्या ग्लासातली रेघ बघा ना. सरळ आहे की तिरकी?"

मास्तर खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून वाकले. "सरळ. ठसठशीत आहे की."

"बॅटरी बंद आहे, बाबा."



लेकीनं त्यांच्या हातातून बाटल्या काढून घेतल्या, सिरिंजही. "कधीपासून चाललंय हे? आईला काही झालं असतं म्हणजे?"

"रबर होतं ना," मास्तर पुटपुटले.

"आजच निघायचं. आई, मी तुझे कपडे भरते." बोलता बोलताच तिनं दोन्ही औषधं मोजून भरली, आकडा दोनदा तपासला आणि सुई घेऊन पुढे आली. आईनं हात मागे घेतला.

"तू भरलंस, बास. टोचतील हेच."

"आई, त्यांना दिसत नाहीये!"

"माझा दंड सापडायला यांना दिसायला कशाला हवं?"

लेकीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग मास्तरांच्या बोटांत सिरिंज ठेवली आणि आत निघून गेली. मास्तरांची बोटं दंडावरून फिरली, कालच्या दुखऱ्या जागेला वळसा घालून थांबली. सुई गेली. बायकोची पापणीही हलली नाही.

आतल्या खोलीत बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. टोचलेल्या जागी रक्ताचा ठिपकाही नव्हता, तरी मास्तर अंगठ्यानं कापूस दाबून उभे होते. आणि मघापासून भुकेनं कुरकुरणारी बायको समोरचं ताट पुढे ओढत नव्हती.

बाबांनो, आपल्या माणसांसाठी देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या रंगमास्तरांचीही आठवण ठेवा.