हवा नसली तरी पळतंय

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. नेसरीत अंबूबाईंच्या दारात निम्मा मातीत पुरलेला असतो. शाळा सुटली की तुम्हीच माझ्यावर उड्या मारता, खडूने माझ्या अंगावर एकमेकांची नावं लिहिता आणि पळून जाता. मला ते मुळीच आवडत नाही. माझ्या कुशीला ही एवढी लांब चीर कशाने पडली, असं तुमच्यापैकी एकानेही आजवर विचारलेलं नाही. म्हणून आज न विचारताच सांगतो. ज्याला गोड गोष्ट ऐकायची असेल त्याने आत्ताच घरी जावं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. मी रनफ्लॅट जातीचा टायर. साध्या टायरची हवा गेली की तो रिकाम्या पोत्यासारखा खाली बसतो. माझ्या कडा मात्र मुद्दाम जाड आणि टणक केलेल्या. खिळा घुसून हवा गेलीच, तर त्या कडांवर गाडी उचलून धरायची आणि हळूहळू जवळच्या दुकानापर्यंत पोहोचवायची, हे माझं काम. नीट ऐका. हळूहळू, आणि जवळच्या. तेही एकदाच. त्यानंतर आम्हाला बदलायचं असतं. आमच्या भरवशावर अशा गाडीत स्टेपनीच देत नाहीत. कोणीतरी आपल्यावर एवढा भरवसा टाकलाय, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

गाडीचा पहिला मालक पुण्याचा. त्याने आम्हा चौघांना कधी त्रास दिला नाही. वेळच्या वेळी हवा तपासली, खड्डे चुकवले. मग त्याने गाडी विकली आणि आम्ही गडमुडशिंगीच्या विजयसिंहाच्या हाती पडलो.

विजयसिंहाचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. माणूस कष्टाळू आहे, पण ईर्षा नाकाच्या शेंड्यावर. त्याच्या चुलतभावाने, विश्वजितने, मोठी जीप घेतली म्हणून याने ही परदेशी गाडी घेतली. जुनी का असेना, परदेशी! डिकी उघडली तर स्टेपनी नाही. विकणाऱ्याने त्याला माझी जात समजावून सांगितली. त्या सांगण्यातलं "हवा गेली तरी पळते" एवढंच त्याच्या कानात शिरलं. हळूहळू, जवळच्या आणि एकदाच हे तिन्ही शब्द पुण्यातच राहिले. रिकाम्या डिकीत त्याने भलामोठा स्पीकर बसवला.

पहिल्याच आठवड्यात तालमीच्या कट्ट्यावर विषय निघाला.

"हवा न्हाय तरी पळतंय?" विश्वजित म्हणाला. "कुणाला शेंड्या लावालास लगा? काढून दाव की हवा!"

"काढतो की! पैज काय लावतोस बोल!"

मी पुढचा डावा. कट्ट्याच्या बाजूला मीच होतो म्हणून माझीच पिन काढली. फुस्स करून माझी सगळी हवा गेली आणि विजयसिंहाने गावाला फेरी मारली. लोक शिट्ट्या मारत मागून धावत होते. परत आल्यावर कोणीतरी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मोबाइलवर चित्रण झालं, ते तालुकाभर फिरलं. मी मात्र आतून पोळलो होतो, आणि ते कोणालाही दिसत नव्हतं.

एकदाच झालं असतं तर मी गिळलं असतं. पण पाहुणा आला की काढ हवा. जत्रेला काढ हवा. खंडेनवमीला गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं, की लगेच काढ हवा. माझीच, दर वेळी माझीच! हवा कमी झाली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा. तो खेळ चालू असताना डोळ्यांत खुपतो म्हणून त्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि ती पुन्हा काढलीच नाही. माझ्या बाजूने बोलणारी त्या गाडीत एकच गोष्ट होती, तिचं तोंड त्याने बंद केलं.

आता अंबूबाईंचं सांगतो. त्या विजयसिंहाच्या आई. त्यांच्या किडन्या काम करत नाहीत. ठरल्या वारी कोल्हापुरात डायलिसिस करावं लागतं, म्हणजे यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागतं. वार चुकला की अंगात पाणी साठतं, धाप लागते. मुलाकडे राहायला या म्हटलं तर म्हणतात, माझ्या म्हशी कोण बघंल? म्हणून विजयसिंहाची बायको संयोगिता गाडी घेऊन नेसरीला यायची, सासूला नेऊन परत सोडायची. आठवड्याला हेच. एकदा तिला वाटलं, गाडी डाव्या अंगाला ओढतेय. तिने ती थेट हायवेलगतच्या आकारामच्या टायर दुकानात नेली आणि नवऱ्याला बोलावून घेतलं.

आकारामने मला रिमवरून उतरवलं. माझ्या पोटातून रबराचा काळा भुगा त्याच्या तळहातावर पडला.

"ह्यो आतनं भाजलाय," तो म्हणाला. "आता हवा गेली तर टिकायचा न्हाय. पुढची जोडी बदला."

विजयसिंहाने भाव विचारला. आकारामने सांगितला.

"जोडीचा?"

"एकाचा. आनि कंपनीला आधी सांगून मागवाय लागंल."

"एका टायरात म्हस येती की रं!"

तेव्हापासून स्वस्त रनफ्लॅटची शोधाशोध सुरू झाली. माझी किंमत ऐकून तोंड फिरवणारी माणसं मी तेव्हा इतकी पाहिली, की आजही कोणी माझ्याकडे बघितलं तरी मला राग येतो. सांगली झाली, बेळगाव झालं, पुण्याला फोन झाले. एका ठिकाणी गोदामात वर्षानुवर्षं पडून दगड झालेला माल होता. रिमोल्ड करणारा तर हसलाच. वरची नक्षी नवी चिकटवता येते, भाजलेली कड कोण चिकटवणार? एका शहाण्याने सुचवलं, आत ट्यूब घाला. विजयसिंह सगळ्यांशी घासाघीस करत होता, आणि मी पुन्हा गाडीला लागून तीच वाट तुडवत होतो.

संयोगिताने पहिल्याच दिवशी उपाय सांगितला होता. "अहो, साधी चार टायरं घालूया की. स्पीकर काढूया, डिकीत स्टेपनी ठेवूया. परवडतंय ते."

"साधी टायरं घालून विश्वजितच्या दारात जाऊ व्हय मी?"

"विश्वजितच्या दारात नका जाऊ. आईंना दवाखान्यात न्यायचं हाय."

"थांब गं जरा. स्वस्तात घावतंय."

आणि घावलं. मोबाइलवर जाहिरात दिसली. जवळजवळ नवी रनफ्लॅट जोडी, साध्या टायरच्या भावात. फोटोत दोघे काळेभोर चमकत होते. विजयसिंहाने पैसे पाठवले. पार्सल नेमकं अंबूबाईंच्या वारी येणार होतं. संयोगिता निघायला लागली तर त्याने चावी काढून घेतली. म्हणाला, "आज पार्सल येतंय. नव्या टायरांवर उद्या सकाळी नेऊ. एका दिवसानं काय हुतंय?" एका दिवसाने काय होतं ते अंबूबाईंना विचारायचं त्याला सुचलं नाही.

संध्याकाळी पार्सल आलं. आकारामने एका टायरच्या आत हात फिरवून बाहेर काढला. हात काळा. तोच भुगा. वरून पॉलिश मारलेले माझ्यासारखेच दोन जळके जीव होते ते. विकणाऱ्याचा फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नेसरीहून शेजारच्या तानाबाईंचा फोन आला. "इजयसिंह, आईचं पाय सुजल्यात. बसल्या जागी धाप लागालीया. लगोलग या."

नवरा-बायको धावतच निघाले. गाडीखाली मीच. अंबूबाईंना मागच्या सीटवर संयोगिताच्या खांद्याला टेकवून बसवलं. त्यांना आडवं होताच येत नव्हतं. गडहिंग्लज ओलांडलं. उसाचा हंगाम होता, रस्त्यावर बैलगाड्यांची रांग. बैलाच्या पायातून नाल निघाला की त्याचे खिळे रस्त्यावर पडतात. त्यातलाच एक माझ्यात घुसला. हवा चालली. पिवळा दिवा लागलाही असेल, पण त्यावर पट्टी होती.

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. मी फक्त खालून उचलून धरलं. ज्यासाठी माझा जन्म झाला ते काम आयुष्यात पहिल्यांदा समोर आलं होतं, आणि माझ्यात बळ उरलं नव्हतं. सगळं बळ तालमीच्या कट्ट्यावर संपलं होतं. विजयसिंह जोरात पळवत होता.

"गाडी वढालीया, हळू घ्या," संयोगिता म्हणाली.

"काय हुत न्हाय! रनफ्लॅट हाय त्यो!"

पुढच्या वळणावर माझी कूस फाटली. गाडी घसरत उसाच्या कडेला जाऊन थांबली. त्याने उतरून मला पाहिलं, मग डिकी उघडली. डिकीत स्पीकर होता.

अंबूबाईंचे ओठ निळे पडायला लागले होते. एक शब्द बोलायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागत होता. विजयसिंह रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात करत होता. शेवटी दुधाचा एक टेंपो थांबला. चालवणारा यल्लाप्पा, सीमेपलीकडचा. त्याने गाडीत डोकावलं आणि म्हणाला, "अव्वाला पुढं बसवा. दूध नासलं तर नासू द्या वो." पुढे दोघींपुरतीच जागा होती. अंबूबाई आणि संयोगिता बसल्या. टेंपो गेला.

विजयसिंह माझ्याशेजारी रस्त्यावरच बसला. येणारे-जाणारे थांबत होते. त्यातला एक मोटारसायकलवाला मला निरखून बघायला लागला.

"पावणं, मोबाइलवर आलतं त्येच न्हवं ह्ये टायर? हवा नसली तरी पळतंय म्हणं की!"

विजयसिंहाने मान वर केली नाही. तो ढसाढसा रडत होता. मला त्याची कीव आली असं तुम्हाला वाटत असेल, तर साफ चूक. मला वाटलं, रड. आणखी रड.

अंबूबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. कितीतरी दिवस त्या दवाखान्यात होत्या. त्या घरी यायच्या आत संयोगिताने गाडीला चार साधे टायर घालून घेतले, स्पीकर काढून टाकला आणि डिकीत स्टेपनी ठेवली. विजयसिंह एका शब्दाने आडवा आला नाही. दिव्यावरची पट्टी त्याने स्वतःच्या नखाने खरवडून काढली.

मला आकाराम भंगारात देणार होता. पण अंबूबाईंनी मला मागून घेतलं आणि दारात पुरायला लावलं. आता विजयसिंह आला, की त्या त्याला खुर्ची देत नाहीत. माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "बस की. तुझंच हाय." तो निमूट बसतो. त्याच्या मांडीखाली माझी चीर येते. परवा विश्वजित सोबत आला होता. म्हणाला, "काय मजा यायची लगा हवा काढून!" विजयसिंह हसायला गेला, पण आईकडे नजर जाताच त्याने मान खाली घातली. मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

तेव्हा मुलांनो, उड्या मारायच्या तर मारा. माझं आता काय बिघडायचंय? पण अडचणीच्या वेळी धावून यायला म्हणून जे कोणी तुमच्याजवळ असेल, वस्तू असो, जनावर असो, माणूस असो, त्याचा चारचौघांत खेळ करू नका. त्याचं बळ त्याच्यापाशी राहू द्या.

गाडी आली की अंबूबाई आधी डिकी उघडायला लावतात. आत हात घालून स्टेपनीवर थाप मारतात आणि मगच पुढे बसतात. मी इथून बघत असतो. तिथे अंधारात ती पडून असते. साधी, स्वस्त, कोणी हार न घातलेली, अजून एकदाही न वापरलेली. या गावात माझा सगळ्यांवर राग आहे. तिच्यावर मात्र नाही.