टिफनीचं गृहीतक

कार्मिनने छापील कागद वाचला, टेबलावर पालथा घातला आणि त्यावर कोपर टेकलं.

“हे तर उत्तर आहे. प्रश्न कुठाय?”

समोर बसलेल्या टिफनीने पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. कार्मिन तिची सख्खी आत्या. निर्मळ गावातल्या या घरात टिफनी अकरा वर्षांनी आली होती, आणि आल्यापासून आत्या तिच्याशी घरच्या बोलीत एक शब्द बोलली नव्हती. परक्याशी बोलावं तसं पुस्तकी मराठी, तेही ‘अहो-जाहो’ करून.

“पहिला प्रश्न तिथंच आहे, आत्या.”

कार्मिनने कागद उलटा केला आणि सावकाश वाचला. “‘जमीन विकल्यानंतर भावंडांशी असलेल्या तुमच्या संबंधांत किती बिघाड झाला? थोडा, बराच, पूर्ण.’ विकल्यानंतरच बिघडलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“ते माझं गृहीतक आहे. एम. ए.च्या प्रबंधाचं. तेच तपासायचंय.”

“तपासायला आलात, आणि ‘नाही’ म्हणायला चौकटच ठेवली नाहीत.”

टिफनीचे कान तापले. मार्गदर्शक बाईंनी हा कागद पाहून मान डोलावली होती. शिवाय गृहीतक कुठल्या पुस्तकातून आलंच नव्हतं. केळीच्या वाडीचा अर्धा भाग बिल्डरला गेला आणि तुझी आत्या तुटली, हे पप्पांच्या तोंडून ऐकतच ती विरारच्या फ्लॅटमध्ये वाढली होती.

“पप्पा म्हणतात...”

“जेम्स काय म्हणतो ते त्याच्या घरी विचारा.” कार्मिन उठली. दाराशी जाऊन बाहेर केळींच्या पलीकडे उभ्या असलेल्या इमारतीकडे पाहत राहिली. मग वळली, तेव्हा ‘अहो-जाहो’ गळून पडलं होतं. “लिही. वाडी विकली म्हणून आम्ही अबोला धरला नाही. अबोला होता, म्हणून वाडी विकली गेली. दोघांनी मिळून कसायची जमीन, बोलल्याशिवाय कशी कसणार? त्याच्या दोन वर्षं आधी आई अंथरुणाला खिळली होती. रोज दाराकडे बघायची. तुझा बाप विरारहून इथवर आला नाही. आला तो थेट मातीला.”

टिफनीचं पेन थांबलं.

“झालं तुझं? मग नीघ.”

चहा विचारला गेला नाही. फाटकाची कडीसुद्धा टिफनीलाच लावावी लागली.

संध्याकाळी जेम्स बाल्कनीत बसला होता. टिफनीने जुन्या प्रश्नावर काट मारून खाली नवा लिहिला होता. तो तिने वाचून दाखवला.

“‘जमीन विकण्याच्या आधी किती वर्षं तुमचं भावंडांशी बोलणं बंद होतं?’”

“तिने शिकवलं हे तुला.”

“ती दोन वर्षं म्हणाली. आजी आजारी होती तेव्हापासून.”

जेम्सचा आवाज चढला. “तिच्या दारात जाऊन माझी उलटतपासणी लिहून आणलीस? या घरात राहून?” त्याने कागद तिच्या हातातून ओढून घेतला. फाडणार असं तिला वाटलं. पण तो प्रश्न वाचत राहिला, एका ओळीला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ.

“यात नाव येतं?”

“नाही. कोणाचंच येत नाही.”

“मग दोन लिहू नकोस. चार लिही.” तो म्हणाला. “हा फ्लॅट घेतला तेव्हा फादर आशीर्वादाला आले होते. तिच्याकडचं कोणी आलं नाही. जेवणाची पानं मांडून ठेवली होती आम्ही. तेव्हाच ठरवलं, त्या घरात आता पाय ठेवायचा नाही.”

“का आली नाही ती?”

“बोलावणं चुलतभावाच्या हाती दिलं होतं. स्टॅनीच्या.” जेम्सने कागद तिला परत दिला. “तिला मिळालं का, ते मी विचारलं नाही.”

“कधीच?”

तो खाली रस्त्याकडे पाहत होता.

“तू परत जाणार असशील तिकडे,” तो म्हणाला, “तर तेवढं विचार. तुझ्या अभ्यासासाठी म्हणून.”