वर्षभर थंड राहिलेली भट्टी

मित्रांनो, मी मांसाला धूर देणारी एक जुनी विटांची भट्टी आहे. मिशिगन सरोवराकाठच्या एका गावात, झेनॉन मझुरेक या पोलिश खाटकाच्या दुकानामागे मी उभी आहे. त्यांच्या आजोबांनी मला बांधलं तेव्हा इथे सफरचंदाची झाडं होती. घरं नंतर आली. 'इथे फक्त राहायचं, धंदा करायचा नाही' हा नियम तर घरांच्याही नंतर आला.

माझ्या पोटात सफरचंदाचं लाकूड धुमसायचं आणि वर सॉसेजच्या माळा लोंबायच्या. ईस्टरच्या आधी गिऱ्हाइकांची रांग कोपऱ्यावरून वळायची. "झेनॉनभाऊ, सासूच्या वाट्याची जरा कडक करा!" असं कुणीतरी ओरडायचं आणि सगळी रांग हसायची.

मग शेजारी टॉड राहायला आला. त्याला माझा धूर खपेना. त्याने तक्रार केली, तसा नगरपालिकेचा साहेब आला.

"भट्टी नियमाच्या आधीची आहे, चालू राहू दे," साहेब म्हणाला. "वाढवायची मात्र नाही. आणि सलग वर्षभर बंद राहिली, तर परत पेटवता येणार नाही."

"वर्षभर?" झेनॉन हसले. "मी मेलो तरच!"

त्यांची बायको यादविगाबाई तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांत गुंतलेली होती. तिने हे ऐकलं नाही. टॉडने ऐकलं.

पुढच्याच शरदात झेनॉन गेले. या पोलिश लोकांत नवऱ्याचा दुखवटा वर्षभर पाळतात. यादविगाबाईने काळे कपडे घातले आणि माझ्या लोखंडी दाराला कुलूप लावलं. दुकानात ती नुसतं कच्चं मांस विकू लागली.

"अगं, गिऱ्हाइकं तुटताहेत," तिची बहीण वांडा कुरकुरली. "ईस्टरला तरी पेटव."

"धूर म्हणजे सणाचा वास. माझ्या घरात यंदा सण नाही. तुझा नवरा जाऊ दे, मग तू पेटव हवी तेव्हा!"

वांडा दार आपटून गेली, ती महिनोन्‌महिने फिरकली नाही.

टॉड मात्र सूप घेऊन आला. "बरोबर करताय, बाई. लोकांचं काय ऐकायचं? पुरतं वर्ष पाळा. घाई नको."

यादविगाबाईचे डोळे भरून आले. परका माणूस, पण किती समजूतदार! मित्रांनो, माझं दार त्याच्या बोटांवर आपटावं असं मला तेव्हा फार वाटलं.

वर्षाची प्रार्थना चर्चमध्ये झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला झाडलं, माळा टांगल्या आणि काडी लावली. दुपारी साहेब दारात.

"विझवा, बाई. वर्ष उलटलं."

"अहो, दुखवटा होता आमचा!"

"नियमात दुखवटा नाही. बंद म्हणजे बंद. दुकान चालवा, भट्टी नाही."

कुंपणापलीकडे टॉड उभा होता. यादविगाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "तू... तू मला सूप आणून दिलं होतंस."

"का, आवडलं नाही?" टॉड म्हणाला.

तिने स्वतःच्या हाताने माझ्यावर बादली ओतली. माळा अर्ध्या कच्च्याच राहिल्या.

आता माझ्यात फावडी ठेवतात. कुणाला वाटेल, ही भट्टी चिडली आहे. चिडलेच आहे. टॉडवर, साहेबावर आणि खरं सांगायचं तर त्या कुलपावरही. मित्रांनो, आपलं माणूस गेलं तर जरूर रडा, पण त्याने जपलेली आच विझू देऊ नका. दार उघडा, दोन लाकडं घाला आणि धुरातच उभं राहून रडा. तिथे कुणी कारण विचारत नाही.