पोटाखालचा हिरवा रंग

मी मागचा ॲक्सल बोलतोय. अख्खी गाडी नाही, फक्त मी. गाडीबद्दल बोलणारे पुष्कळ असतात. इंजिनाचं कौतुक होतं, हॉर्नची चेष्टा होते, पुढची काच रोज पुसली जाते. मी गाडीच्या पोटाखाली आडवं पडलेलं जाड, पोकळ लोखंड. दोन्ही टोकांना चाकं, पाठीवर ओझं. मला बघायचं तर माणसाला जमिनीवर आडवं व्हावं लागतं आणि तेवढे कष्ट कुणालाच नको असतात. म्हणून जे झालं ते मलाच सांगावं लागतंय.

मी कारखान्यात तयार झालो तेव्हा माझ्या पाठीवर एक भोक पाडून त्यात बोटाच्या पेराएवढी टोपी बसवली. तिला ब्रीदर म्हणतात. गाडी पळते तसं माझ्या पोटातलं तेल तापतं, हवा फुगते आणि ती या टोपीतून बाहेर पडते. टोपीचं काम एवढंच. ती दिसायला इतकी किरकोळ आहे, की तिच्यासाठी कुणी वाकेल असं तिलाही कधी वाटलं नसेल.

माझा मालक फरशा पोचवायचा. टेकडीवरच्या कारखान्यात दगड कापून फरशा निघतात. त्या गाडीत उभ्या रचायच्या, दोर आवळायचा आणि लांबलचक उतारावरून खाली बांधकामांवर न्यायच्या. तो दणकट आणि तोंडाळ माणूस होता. गाडीवर त्याचा जीव. त्याच्या बायकोने एकदा विचारलं होतं, माझ्यावर कधी एवढा मायेने हात फिरवलात का? तो म्हणाला होता, "तुला कुठे गंज चढतो!" त्यावर ती दिवसभर हसत होती. ते हसणं मी चाकांमधून ऐकलं होतं. त्या घरातलं तसं हसणं मला आता नीटसं आठवत नाही.

एका सुट्टीच्या दिवशी त्याने घराच्या फाटकाला हिरवा रंग लावला. रंग उरला. उरलेल्या रंगाचं काय करायचं हा प्रश्न पडलेला माणूस धोक्याचा असतो, असं माझं मत आहे. तो गाडीखाली शिरला. बायको डबा धरून बाजूला बसली. त्याने मला घासलं, पुसलं आणि दोन हात रंग दिला. "खालूनसुद्धा नवरदेव दिसला पाहिजे," तो म्हणाला. टोपीवर त्याने जरा जास्तच रंग चोपडला. तिथल्या खाचेत पाणी साचून गंज धरेल, अशी त्याला धास्ती होती. तिने डबा पुढे केला आणि त्याने ब्रश पुन्हा बुडवला.

रंग वाळला. मला काही वाटलं नाही.

पुढे उतारावर तापलो तसा दाब वाढायला लागला. वरची वाट बंद होती, म्हणून दाबाने बाजूची वाट धरली. माझ्या दोन्ही टोकांना, चाकांच्या आत, रबरी ओठाचं एकेक कडं असतं. त्याला सील म्हणतात. माझं तेल ब्रेकपर्यंत जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. डावीकडच्या सीलने जमेल तितकं सोसलं आणि मग ओठ सोडला. तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं. ब्रेकचं लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक धरणारं अस्तर, तेल प्यायलं, की त्याची पकड जाते.

बायकोचा धाकटा भाऊ मेकॅनिक. त्याचं कोपऱ्यावर लहानसं गॅरेज होतं. त्याने चाक उघडलं, नवं सील घातलं, नवं लायनर लावलं आणि हात झाडले. थोड्या दिवसांनी तेल परत आलं. त्याने परत उघडलं. तिसऱ्यांदा दोघांची जुंपली. मेकॅनिक म्हणाला, भाऊजी, तुम्ही माल बेसुमार भरता. मालक म्हणाला, तू सील झोपेत बसवतोस. एक म्हणे माल, दुसरा म्हणे हात. ती दोघांच्या मध्ये उभी राहून दोघांना गप्प करत होती. गुन्हेगार कोण, यावर एवढी चर्चा झाली, पण सील पुन्हा पुन्हा का फाटतंय, हे त्या अंगणात कुणीही विचारलं नाही. मी तिथेच होतो. मला तोंड नव्हतं, त्यांना होतं.

चौथ्यांदा तेल आलं तेव्हा मालकाने फडक्याने चाक पुसलं आणि म्हणाला, बघू नंतर. नंतर रोज पुसायचा. पुसण्याने माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं.

मग उतार आला. गाडी भरलेली होती. त्याने ब्रेकवर पाय दाबला, डावं चाक धरेना, गाडी उजवीकडे ओढायला लागली. त्याने पुन्हा दाबला. वळणापाशी शाळेतून सुटलेली मुलं रस्ता ओलांडत होती. त्याने स्टिअरिंग फिरवून गाडी एका गोदामाच्या भिंतीत घातली. फरशा पुढे सरकल्या. पुढचा भाग आत गेला, त्यात त्याचं पाऊल सापडलं. पाऊल घोट्यापासून काढावं लागलं. मी मागे होतो. मला खरचटलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. ब्रेक निकामी झाल्याने, असं छापलं होतं. जणू ब्रेक आपण होऊन निकामी होतात, कंटाळा आला म्हणून. तपासायला साहेब आले, त्यांनी पुढचा चेंदामेंदा बघितला, मान हलवली, फोटो काढला आणि गेले. एकानेही गुडघा टेकला नाही.

त्यानंतर मला अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं केलं. टायर बसले. धूळ साचली. वर्ष गेलं असेल. मालक कुबडी घेऊन अंगणात यायचा, शेडकडे पाठ करून खुर्चीत बसायचा. मेहुण्याशी त्याने बोलणं टाकलं होतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मात्र तो सांगायचा, माझा पाय माझ्या मेहुण्याने खाल्ला. मेहुणा हे ऐकून होता. त्याने बहिणीच्या घरी यायचं सोडलं.

या काळात बायको गाडी चालवायला शिकली. लायसन्स काढलं, टेकडीवरच्या कारखान्यात जाऊन नवऱ्याचं काम स्वतःसाठी मागून आली. डेंटिंगवाल्याकडून पुढचा भाग सरळ करून घेतला. मागच्या ब्रेकसाठी तिने भावाला निरोप पाठवला. नवरा म्हणाला, दुनियेत दुसरा मेकॅनिक नाही का? ती म्हणाली, "हाच करेल. आणि तुमच्या डोळ्यांदेखत करेल. उतारावर मी जाणार आहे, तुम्ही नाही."

तिने त्याची खुर्ची उचलून शेडच्या तोंडाशी ठेवली.

मेकॅनिक सकाळी आला, हत्यारं मांडली, कुणाकडे बघितलं नाही. जॅकवर मला उचललं, खाली लोखंडी स्टँड दिले, चाकं काढली.

"त्याला सांग," मालक बायकोला म्हणाला, "या वेळी दोन्ही बाजू उघड म्हणावं."

"ताई, भाऊजींना सांग, दोन्हीच उघडतोय."

"मी काय टेलिफोन आहे का?" ती म्हणाली. कुणी हसलं नाही. तीही नाही.

त्याने माझ्यातला लांब दांडा ओढून काढला तसं काळं तेल घमेल्यात सांडलं. नट सोडून हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, आणि ड्रम बाहेर घेतले. डावीकडचं लायनर ओलं, चिकट होतं. बेअरिंगचे रोलर तापून निळसर झालेले. त्याने जुनं सील उचकटलं, बेअरिंगच्या कड्या थोडं इकडून, थोडं तिकडून ठोकून काढल्या, सगळं डिझेलने धुतलं. नव्या कड्या बसवल्या. नवं सील लाकडाचा तुकडा ठेवून हलक्या हाताने ठोकलं, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवलं. नवे ब्रेक लावले. हब चढवून नट आवळत आवळत चाक फिरवलं, मग जरासा सैल केला आणि अडकवला. सगळं बरोबर होतं. सगळं मागच्या तिन्ही वेळांसारखंच बरोबर होतं. तेच त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बहीण उद्या उतारावरून जाणार होती आणि आपण काय वेगळं केलं, हे त्याला सांगता येत नव्हतं.

तेल भरायला तो माझ्याखाली आडवा झाला. आधारासाठी त्याने हात माझ्या पाठीवर टाकला. बोटांना उंचवटा लागला. त्याने नखाने खरवडलं. हिरवा पापुद्रा निघाला. त्याखाली टोपी होती, रंगाने पार बुजलेली.

तो तसाच पडून राहिला.

मला त्याच्या डोक्यातलं सगळं कळत होतं. बाहेर तीन हातांवर माझा मालक बसला होता, त्याच्या मागे हिरवं फाटक. मेकॅनिकने नुसतं बोट दाखवलं असतं तरी वर्षभराचा डाग धुऊन निघाला असता. एक वाक्य पुरलं असतं. पण ही टोपी बघणं हे त्याचंच काम होतं, हेही तितकंच खरं होतं.

"अगं, झोपला का तो, विचार," मालक म्हणाला.

मेकॅनिक बाहेर आला. टोपी सोडवून त्याने मुठीत घेतली होती.

"काय सापडलं?" तिने विचारलं.

"हवा बाहेर जायची वाट बुजली होती. म्हणून सील टिकत नव्हतं." तो जमिनीकडे बघत होता. "मी तीनदा उघडलं, ताई. तीनदा पाहिलं नाही. पाहायला हवं होतं."

"मग मी काय सांगत होतो?" मालक म्हणाला. वर्षाने तो थेट मेहुण्याशी बोलला, ते हे. "मी वेडा होतो ना?"

"नाही, भाऊजी."

कशाने बुजली, हे त्याने विचारलंच नाही. जिंकलेला माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

तिने भावाचा हात धरून मूठ उघडली. त्याच्या नखात हिरवं अडकलेलं होतं. तिने ते पाहिलं. मग मान वळवून फाटकाकडे पाहिलं. मग टोपी घेऊन ती नळापाशी गेली, केसांतली पिन काढली आणि टोपीच्या खाचा कोरायला लागली. डिझेलने धुतली, फुंकर मारली, पुन्हा कोरली. हिरवा कणही उरला नाही, तेव्हा ती परत आली.

"बसव," ती म्हणाली.

भावाने बसवली. तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही, भावालाही काही विचारलं नाही. त्या तिघांच्या जागी मी असतो तर बोललो असतो. पण मी त्यांच्या जागी नव्हतो, त्यांच्या पोटाखाली होतो.

दुसऱ्या दिवशी ती फरशा भरून उतारावरून आली. वळणापाशी पाय दाबला. दोन्ही चाकांनी सारखं धरलं. गाडी थांबली, माणसं रस्ता ओलांडून गेली. तिने गिअर टाकला.

त्यानंतर मालकाला नवी सवय लागली. संध्याकाळी गाडी आली, की कुबडी टाकून जमिनीवर बसायचा आणि बॅटरी लावून चाकांच्या आत बघायचा. तेल नसायचं. तरी बघायचा. मेहुण्याची चूक आलेल्या-गेलेल्याला सांगणं चालूच होतं. आता तर आरोपीनेच कबूल केलं होतं.

एक दिवस तो म्हणाला, खाली गंज दिसतोय, थोडा रंग मारून घेऊ.

"नको," ती म्हणाली. एवढ्या तुटक आवाजात, की त्याने वर बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

तो बसल्या जागी आडवा झाला आणि पाठ घासत गाडीखाली आला. रंग लावला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. बॅटरीचा उजेड माझ्या पाठीवर फिरला आणि टोपीवर थांबला. टोपी उघडी, लखलखीत. तिच्याभोवती खरवडलेलं लोखंड. आणि त्याभोवती सगळीकडे त्याच्या हातचा हिरवा रंग, दोन हात, एकसारखा.

त्याने टोपीवर बोट ठेवलं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "त्याला जेवायला बोलव."

"फोन तुमच्या खिशात आहे," ती म्हणाली.

त्याने फोन लावला. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "मी बोलतोय. ये." आणि मग, "मी खाली जाऊन बघितलं."

मेहुणा आला. जेवले. रंगाचं कुणी बोललं नाही. पण पाय मेहुण्याने खाल्ला, हे वाक्य त्यानंतर त्या अंगणात मी ऐकलं नाही.

मी अजून फरशा वाहतो. अंगावर जागोजागी गंज आहे, तो असू दे. तेल गळत नाही. मला आनंद झालाय असं नाही, दुःखही नाही. लोखंडाला उशिराच कळतं, आणि कळलं तरी फारसं वाटत नाही. तुम्ही लोखंडाचे नाही. तुमच्या गाडीच्या चाकावर तेलाचा डाग दिसला, तर पुसू नका. कुणाची चूक म्हणून ओरडूही नका. आधी जमिनीवर आडवे व्हा आणि बघा.