तालमीतली बोट

"हंबीरकाका, बोटीत हवा भरून दाखवता का?"

तालमीच्या अंगणातल्या बैठकीत मनालीनं उभं राहून विचारलं. मागं तिच्या मैत्रिणी शिवानी नि मोना तोंडावर ओढणी धरून बसल्या होत्या. एवढं विचारून दाखव, मिसळ आमच्याकडून, अशी त्यांची पैज. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मनालीला भ्यायचंच माहीत नव्हतं.

गेल्या साली पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा पायानं अधू असलेली तिची आत्या, म्हणजे आक्का, माळ्यावर उपाशी अडकून पडली होती. त्यानंतर गल्लीला रबरी बोट मिळाली आणि सांभाळायला तालमीकडं आली. "आता बोट हाय की," आक्का सगळ्यांना सांगायची. आज पूर-तयारीची बैठक होती, म्हणून घडी घातलेली बोट हार घालून पुढं मांडली होती.

"त्यो काय फुगा हाय व्हय गं?" तालमीचे अध्यक्ष हंबीरराव म्हणाले. सगळे हसले.

"आक्काला बसायचंय त्यात. म्हणून म्हटलं."

"मनाली, खाली बस," पप्पा पुटपुटले.

पण पाहणीला आलेले महापालिकेचे साहेब म्हणाले, "भरा की. फोटो बरा येईल."

घडी उलगडली आणि पुढची रांग नाकाला रुमाल लावून मागं सरली. आत नारळाचं पाणी नासलं होतं. हळद-कुंकवाचा चिकट लगदा झाला होता, त्यात उंदरांच्या लेंड्या. पंप मारला तशी बोट थोडी फुगली नि फुसफुसत बसली. कडेला करपलेली बारीक भोकं होती, ओळीनं.

मनालीला लगेच उलगडा झाला. खंडेनवमीला तालमीतल्या गदेबरोबर बोटीचीही पूजा झाली होती. गल्लीतल्या प्रत्येकानं घडीत पेटती उदबत्ती खोचली होती. पप्पांनीसुद्धा.

"पुजलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत," हंबीरराव म्हणाले. "आणि औंदा कुठलं येतंय एवढं पाणी?"

भोकांची बाजू भिंतीकडं करून बोटीची परत घडी घातली. वर तोच हार. फोटो निघाला. मग त्याच बरबटलेल्या हातांनी पेढे वाटले. मनालीच्या हातातल्या पेढ्यावर कुंकवाचे ठसे उमटले होते. तिनं तो गुपचूप पायरीवर ठेवून दिला.

"चल की, मिसळ," मोना म्हणाली.

"आज न्हाय उतरायची घशाखाली."

घरी आक्का उंबऱ्यातच बसली होती. "फुगली व्हय रं बोट?"

"झकास," पप्पा म्हणाले नि चप्पल काढायला वाकले.

मनाली मोरीत साबणानं हात घासत होती. नासक्या नारळाचा वास काही जाईना. पण पप्पांच्या त्या एका शब्दानं आलेली शिसारी त्याहून वाईट होती. ती ओल्या हातांनीच बाहेर आली.

"आक्का, बोट फुटकी हाय. उदबत्त्यांनी जाळलीया सगळ्यांनी मिळून. पप्पांनी बी."

"अगं, हळू बोल," आई दाराकडं बघत म्हणाली.

"हळू कशाला? आई, पप्पा, ऐका. उद्या सकाळी मी ती बोट पंक्चरवाल्याकडं नेणार. तालमीच्या आत पोरींनी पाय ठेवायचा न्हाय म्हणतील, तर पप्पा आत जाऊन बाहेर काढतील. न्हाईतर मी आत जाणार. आणि ठिगळं लावून झाली की पहिल्यांदा पाण्यात घालणार ती रंकाळा तळ्यात, सगळ्यांसमोर. आत मी बसणार, आणि माझ्यासमोर पप्पा."