जित्या लेकाची पंगत

पूर्ण्यातल्या शिवमूर्तीअप्पांच्या घरी सकाळपासून पुरण शिजत होतं. सण नव्हता. अप्पांच्या एकुलत्या मुलाचं, पंकजचं, पुण्यस्मरण होतं. आणि पंकज? तो तिकडे परभणीत चांगला धडधाकट होता. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होता आणि आजच त्याच्या लेकीचं बारसं होतं!

पण त्यानं मेंढरं राखणाऱ्या घरातली दैवशाला बायको म्हणून आणली, त्याच दिवशी अप्पांनी त्याच्या नावानं अंघोळ केली. तेव्हापासून दरसाल सगळ्या लिंगायत समाजाला जेवण. सिनेमातला रागावलेला बाप शेवटी रडून पोराला मिठी तरी मारतो. अप्पांना मात्र या जेवणाचा अभिमान होता आणि जेवायला येणाऱ्यांना लाज नव्हती. 'शिवभक्ताला जात नसते' असं भिंतीवर रंगवून त्याखालीच ही मंडळी बोटं चाटत बसायची.

पंकजची आई चन्नबसम्मा दरवर्षी मुकाट्यानं पोळ्या लाटायची. जित्या लेकाच्या नावाचं पुरण वाटताना तिचा जीव तिळतिळ तुटायचा, पण नवऱ्यापुढे ब्र काढायची छाती नव्हती.

आज पंगत बसली आणि तिचा फोन वाजला.

"माय, अप्पाला दे की," पंकज म्हणाला. "पोरीच्या गळ्यात लिंग बांधायला स्वामी यायलेत. आजा नगं का तिला?"

तिनं फोन पुढे केला. अप्पांनी तो कानाला लावला आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "कोन पंकज? त्यो मेलाय. आज त्याचंच जेवण हाय."

फोन बंद झाला. "वा अप्पा! बाप असावा तर असा," म्हणत पंगतीतले व्यंकटराव हसले. हसले! चन्नबसम्माच्या अंगाची लाही लाही झाली. ती आत गेली, पोळ्यांची सगळी टोपली उचलली आणि पायात चप्पल घालून पंगतीच्या मधून चालू लागली.

"वाढा की वहिनी," पंगतीतून कुणीतरी म्हणालं.

"न्हाई वाढत. जित्या लेकाचं लय जेवलात. आता नातीच्या बारशाला न्यायलेय."

अप्पा दारात आडवे आले. "समाजात तोंड दाखवायचं हाय मला! उंबरा वलांडलास तर तूबी मेलीस."

"बरं," ती म्हणाली. "मग माझ्या जेवणाचा सैपाक कोन करनार, तेवढं ठरवून ठिवा."

त्यांना बाजूला सारून ती स्टेशनच्या वाटेला लागली. तिच्यामागे कुणीही उठलं नाही. व्यंकटरावांनी रिकामं ताट पुढे सरकवलं.

"आमटी तरी असंल की, अप्पा. तेवढी तरी वाढा."

अशी पंगत तुमच्याही गावात बसत असेल. बोलावणं आलं तर जाणार का, ते आजच ठरवा.