कॅमेऱ्याची मान कोण फिरवतं?

मी बोलतोय तो टीव्हीखालच्या कप्प्यातून. मला रेकॉर्डर म्हणतात. घरातले चार कॅमेरे जे पाहतात, ते महिनाभर मी पोटात सांभाळतो. गेले बारा दिवस मात्र मला माझीच भीती वाटते.

शंकररावांनी मला उल्हासनगरच्या बाजारातून मांजर्लीतल्या या तळमजल्यावर आणलं. एक कॅमेरा गेटवर, दोन दारांवर आणि चौथा, मान फिरवणारा, हॉलमध्ये. तिथे त्यांच्या आई, माई, अंथरुणाला खिळल्या आहेत.

जुलैत नदीचं पाणी गेटपाशी आलं. पाणी कुठवर चढलं, हे विचारणारे नातेवाइकांचे फोन थांबेनात. वैतागून शंकररावांनी माझा पासवर्डच घरच्या ग्रुपवर टाकला. आपापलं बघा म्हणाले. ग्रुपमध्ये एकसष्ट माणसं. पाणी ओसरलं, पासवर्ड तोच राहिला.

साठ जण विसरले. एक जण रोज दुपारी येतो. त्याला गेट नको असतं, तो हॉल उघडतो. शंकररावांची मुलगी राजसी घरूनच ऑफिसचं काम करते. ती माईंना भरवते, जरा आडवी होते, उठून खिडकीशी जाते. ती जाईल तिकडे कॅमेऱ्याची मान हळूच वळते. ते चित्र माझ्यातूनच बाहेर जातं. मला त्याच्या फोनची खूण कळते, नाव कळत नाही. आणि ओरडायला मला तोंड नाही.

काल तिच्या ते लक्षात आलं. आज ती आम्हा सगळ्यांना तपासायला बसली. गेटचा कॅमेरा चांगला निघाला. मागच्या दाराच्या कॅमेऱ्यात अंधारात चेहरा ओळखू येत नव्हता. मग तिने माझ्या नोंदी उघडल्या आणि वडिलांना हाक मारली.

"अप्पा, हा कोण? रोज अडीचला येतो."

"आपल्याच माणसांवर संशय? कॉलेजात हेच शिकवलं का?"

"तुमचा फोन इकडे द्या, कुणाला कळवू नका, आणि इथे उभे राहा."

अडीच वाजले. मान वळली. राजसीकडे, मग शंकररावांकडे, आणि तिथेच थबकली. शंकररावांनी पडद्यासमोरची खुर्ची ओढून घेतली.

"पुसून टाक सगळं," ते म्हणाले. "घरातलाच कुणीतरी आहे. चार लोकांत तोंड दाखवता येणार नाही."

"तोंड त्याने लपवावं. तुम्ही कशाला?"

तिने माझी इंटरनेटची वायर उपटली, अप्पांचा फोन त्यांच्या हातात दिला आणि पोलिसांना फोन करायला गेटबाहेर गेली.

इतक्यात शंकररावांनी माउस हाती घेतला. पडद्यावर मीच विचारतोय: सर्व नोंदी पुसायच्या? हो, नाही. पुसल्या तर राजसीच्या शब्दाला पुरावा उरणार नाही.

त्यांच्या मांडीवरचा फोन वाजला. ते सवयीने पुटपुटत वाचू लागले. "काका, हॉलचा कॅमेरा बंद पडला का? माईंची काळजी वाटली, म्हणून विचारलं. अल्पेश."

अल्पेश त्यांचा पुतण्या. शंकररावांनी ते पुन्हा वाचलं.

शंकरराव, मी यंत्र आहे. तुम्ही दाबाल ते मला करावंच लागेल. म्हणून हात जोडल्यासारखं सांगतो, दाबू नका. ती गेटबाहेर आपल्या घराचा पत्ता सांगतेय. आणि तुमच्या माउसचा बाण अजून 'हो'वरच आहे.